गोष्ट मोडू नये म्हणून

पाइवापो. म्हणजे फार पूर्वी एकदा.

इथे ऐकणाऱ्याने "झेप्फुंदे" म्हणायचं असतं. त्याचा अर्थ मुतारे गावात कुणी विचारत नाही. सांगणाऱ्याने एक वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्याने तो शब्द टाकायचा, की पुढचं वाक्य येतं. शब्द नाही पडला तर वाक्य येत नाही. चुलीला फुंकर लागते तसं आहे ते.

तर पुन्हा सुरुवातीपासून.

मुतारेच्या डांगाम्वुरा वस्तीत शुवाई नावाची बाई राहायची. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि घरी आली की आधी चपला भिरकावायची.

झेप्फुंदे.

तिचा नवरा फनुएल लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. केसांत कायम भुसा. त्यांना मुनेसू नावाची मुलगी होती. पाच वर्षांची होत आलेली, आणि गोष्टींसाठी हपापलेली.

झेप्फुंदे.

आणि त्या मुलीने झेप्फुंदे म्हणायचं सोडून दिलं.

—

अशी रेघ दिसली की समजावं, मुनेसूची पाळी होती आणि ती बोलली नाही.

*

ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती. आली ती फनुएलच्या थोरल्या बहिणीमुळे. गुरुवारी संध्याकाळी माइदेई होंडे खोऱ्यातून बसने आली. डोक्यावर भुईमुगाचं पोतं, हातात अवोकाडोची टोपली. जून महिना, इथला हिवाळा. कापणी उरकलेली, पेरणी लांब, म्हणजे गोष्टींचा हंगाम. शुवाईने रीतीप्रमाणे गुडघे टेकले, तळहात पोकळ करून टाळ्या वाजवल्या, वन्संना आत घेतलं. बापाची बहीण म्हणजे अर्धा बाप. माइदेईच्या बाबतीत अर्ध्यापेक्षा जरा जास्तच.

मक्याच्या पिठाचा सद्झा झाला, पालेभाजी झाली, सुके मासे झाले. वीज नव्हतीच. मेणबत्ती लावून माइदेईने चटई पसरली आणि मुनेसूला समोर बसवलं.

"पाइवापो!"

—

"अगं, पाइवापो म्हणतेय मी."

—

मुनेसूचे डोळे टपोरे उघडे होते. रुसलेली नव्हती, पेंगत नव्हती. पुढे झुकून, श्वास धरून बसली होती. ओठ मात्र कुलूप घातल्यासारखे.

"तोंडात पाणी धरलंयस का?" माइदेई म्हणाली.

मुनेसूने मान हलवली. नाही.

"मग बोल की!"

—

"दमली असेल, ताई," फनुएल म्हणाला.

"तू गप रे. गेल्या हिवाळ्यात हीच पोर माझं वाक्य संपायच्या आत ओरडायची. मला दम खाऊ द्यायची नाही." माइदेईने शाल ओढून घेतली. "ऐकणारं कुणी नसेल तर सांगू कुणाला? या मेणबत्तीला?"

तेव्हा तिची नजर फळीवर गेली. तिथे साबणाच्या वडीएवढी पिवळी डबी होती, कापडाचे दोन लांब कान लावलेली.

"हे काय?"

"बालवाडीतून आलंय, वन्सं," शुवाई म्हणाली. "गोष्टी सांगतं."

"कोण सांगतं?"

"तेच. एआय म्हणतात ना, ते आहे त्यात. आपलं आपण गोष्ट तयार करतं. आपल्या भाषेत."

"आणि कधी सांगतं?"

शुवाईच्या लक्षात आलं की आपण खड्ड्याच्या काठावर उभ्या आहोत. "कधीही," ती म्हणाली. खोटं कसं बोलणार?

"दिवसासुद्धा?"

माइदेईने मुनेसूचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाच्या वरच्या बाजूला, केसांत, बोटं फिरवली. दिवसाढवळ्या गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना शिंगं फुटतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

"शिंगं नाहीत अजून," ती म्हणाली. "जीभ तेवढी गेली. रविवारी जाताना हिला घेऊन जाते. पेरणीपर्यंत राहू दे माझ्याकडे. तिकडे रोज रात्री वीस पोरं बसतात चुलीभोवती. येईल जीभ परत."

ती विचारत नव्हती. फनुएलने रिकाम्या ताटात बघितलं. ताईला नाही म्हणणं त्याला आजवर जमलेलं नव्हतं. लग्नात सूट कुठला घालायचा तेही तिनेच ठरवलं होतं.

सकाळी शुवाईने बघितलं तर मुनेसूचा निळा फ्रॉक घडी करून वन्संच्या पिशवीत गेलेला.

*

शनिवारी बालवाडीत पालकांची सभा होती, विषय हीच डबी. शिक्षिका मिस चिरेंजे म्हणाल्या, डबी बनवणाऱ्या कंपनीला कळायला हवंय, डब्या ठेवायच्या की परत पाठवायच्या. मनातलं बोला.

कोंबड्या विकणारी बाई: "ठेवा. मी घरी पोचते तेव्हा माझ्यात फक्त 'झोप' म्हणण्याइतका जीव उरलेला असतो."

चर्चच्या पांढऱ्या झग्यातला गृहस्थ: "आणि ती कुणाच्या आत्म्याने बोलते? मी आधी ते विचारेन."

कोंबडीवाली: "बॅटरीच्या, बाबा."

एक तरुण बाप: "माझी बायको जोहान्सबर्गला असते. पोरगा डबीला सांगतो, गोष्टीत आईला घाल. घालते ती. मग पोरगा खूश. मी बाहेर जाऊन उभा राहतो."



एक आजोबा: "काल तिच्या गोष्टीत ससा बर्फात घसरला. मी इतका म्हातारा झालो, बर्फ बघितला तो दुकानातल्या फ्रीजमध्ये."

जुळ्यांचे वडील, उभे राहून: "मी तर म्हणतो फार उत्तम वस्तू. शिस्त लागली. आधी गोष्ट म्हणजे आमच्याकडे नुसता गोंगाट. आता डबी लावली की तोंडावर हात."

"तोंडावर हात?" शुवाईने मागून विचारलं.

"हो. स्वतःच्या नाही. एकमेकांच्या."

सभा हसली. शुवाई हसली नाही. "कोणी शिकवलं त्यांना?"

जुळ्यांचे वडील विचारात पडले. "कोणी नाही," ते म्हणाले, आणि खाली बसताना त्यांचा चेहरा उभं राहताना होता तेवढा खूश नव्हता.

"माई मुनेसू, तुमचं काय मत?" मिस चिरेंजेंनी मुनेसूच्या आईला, म्हणजे शुवाईला, विचारलं.

"माझं मत अजून शिजतंय, मिस."

परत येताना, चढावर, तिला एक साधी गोष्ट उमगली. डबी घरात कितीतरी आठवडे होती, पण तिने स्वतः एकही गोष्ट पुरी ऐकलेली नव्हती. डबी बोलायची तेव्हाच तर तिला भांडी घासता यायची.

*

दुपार. फनुएल गिरणीत. मुनेसूला घेऊन वन्सं साकुब्वाच्या बाजारात अवोकाडो विकायला गेलेल्या. शुवाईने दार लोटलं, डबी टेबलावर ठेवली, समोर स्टूल घेतलं. चोरून काही खायला बसावं तसं वाटलं तिला. कपाळही चाचपून घेतलं, उगाच.

डबी: नमस्कार! आज कुणाची गोष्ट ऐकू या?

शुवाई: सशाची.

डबी: पाइवापो. एका गावात एक अतिशय हुशार ससा राहत होता.

(भाषा आपलीच, पण पाद्रीबुवा बोलतात तशी, इस्त्री केलेली. शुवाई हसली. आणि नकळत, जीभ आपोआप वळून, म्हणाली:)

शुवाई: झेप्फुंदे.

डबी: अरे वा! तुला काही सुचवायचं आहे का? आपण गोष्ट बदलू या का?

शुवाई: नाही नाही. सांग पुढे.

डबी: छान! एका गावात एक कासव राहत होतं.

शुवाई: आणि ससा?

डबी: उत्तम प्रश्न! ससा विमानाने शहरात गेला.

शुवाई: झेप्फुंदे.

डबी: मी ऐकते आहे! तुला विमानाची गोष्ट हवी आहे का?

शुवाई: झेप्फुंदे.

डबी: ठीक आहे, नवी गोष्ट! एका ढगावर एक हत्ती राहत होता.

शुवाई स्टुलावर सरळ झाली.

*

इथे थोडं मागे जायला हवं, कारण शुवाई मनाने मागे गेली.

शुवाईला कुणी गोष्टी सांगितल्या नव्हत्या. तिची आई हरारेच्या इस्पितळात रात्रपाळीला असायची. आईच्या जागी रेडिओ होता, तपकिरी, हँडल तुटलेला. शुक्रवारी संध्याकाळी त्यात एक म्हातारा खोकायचा आणि म्हणायचा, पाइवापो. मग थांबायचा. शुवाई आणि तिचे दोन भाऊ त्या थांबण्यात जीव तोडून ओरडायचे, झेप्फुंदे! शेजारीपण ओरडायचे, भिंतीपलीकडून ऐकू यायचं. अख्खी गल्ली एका खोक्याला उत्तर द्यायची.

त्या खोक्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

म्हाताऱ्याने कुठल्यातरी खोलीत, कुणाचाही आवाज न ऐकता, ती जागा सोडलेली असायची. मुलं ओरडोत न ओरडोत, ती जागा तेवढीच. आणि या डबीला सगळं ऐकू येत होतं, कुजबूजसुद्धा, आणि म्हणूनच तिला जागा सोडता येत नव्हती. तिला वाटायचं, आवाज आला म्हणजे हुकूम आला.

शुवाईला याची गंमत वाटली. कुणाला तरी सांगावीशी वाटली. पण मग मुनेसूचा विचार आला, आणि गंमत वाटायची थांबली.

"झेप्फुंदे," ती पुन्हा म्हणाली, खात्री करायला.

डबी: ठीक आहे! हत्ती नको असेल तर—

छोटासा हात मागून आला आणि तिच्या तोंडावर बसला. अवोकाडोचा वास येत होता त्याला.

"आई, बोलू नकोस," मुनेसू कानात म्हणाली. "बोललं की गोष्ट मोडते. मग ती परत मिळत नाही. मी खूपदा मोडली."

दारात माइदेई रिकामी टोपली घेऊन उभी होती. तिने ऐकलं होतं.

*

"म्हणजे माझी गोष्ट मोडेल म्हणून गप्प बसली होती ही?" माइदेईने टोपली खाली ठेवली. "अगं वेडाबाई, माझी गोष्ट बैल आडवा आला तरी मोडत नाही!"

मुनेसूने तिच्याकडे बघितलं, मग डबीकडे. विश्वास ठेवावा असं तिला वाटत होतं, पण गोष्ट गमावण्याची तयारी नव्हती. पाच वर्षांच्या मुलीने मोजूनमापून घेतलेला निर्णय होता तो, आणि तो नुसत्या शब्दाने हलणारा नव्हता.

माइदेईने डबी उचलली, कान धरून.

"ए बाई. तुझं कुळ कुठलं?"

डबी: नमस्कार! कुळ म्हणजे काय ते मला माहीत आहे. आपण माकडाची गोष्ट ऐकू या का?

"माकडाची? मला?" माइदेईचं कुळ सोको, म्हणजे माकडच. "माझ्याच घरच्यांची गोष्ट मला सांगणार तू?"

डबी: माफ करा! मग मगरीची?

"माफी मागते आहे मेली," माइदेई शुवाईकडे वळून म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच राग सोडून काहीतरी होतं. "सारखी माफी मागते. कुणी मारलंय का हिला?"

"वन्सं, आज संध्याकाळी तुम्ही सांगू नका," शुवाई म्हणाली. "मी सांगते."

"तू? तुला येते?"

"नाही."

*

सूर्य डोंगरामागे गेला. फनुएल आला, केस झटकले, बसला. चटईवर चौघं आणि मध्ये डबी. पिशवी माइदेईच्या मांडीजवळ होती, वरच निळा फ्रॉक.

शुवाई डबीला म्हणाली, "आज तू सांगायचं नाहीस. मी सांगणार, तू ऐकणार. मी थांबले की फक्त झेप्फुंदे म्हणायचं. दुसरं काही नाही. जमेल?"

डबी: किती छान कल्पना! जमेल.

"पाइवापो," शुवाई म्हणाली.  

डबी: झेप्फुंदे! किती सुंदर सुरुवात!

फनुएलला ठसका लागला.

"एक ससा होता. त्याला बाजारात जायचं होतं, पण बसचं तिकीट काढायला तो तयार नव्हता."

डबी: झेप्फुंदे. ससा पुढे काय करेल, तुला काय वाटतं?

"म्हणून तो बायकांच्या टोपलीत शिरला. अवोकाडोच्या खाली."

डबी: झेप्फुंदे! अवोकाडो हे पौष्टिक—

"नाही!" मुनेसू ओरडली. "फक्त झेप्फुंदे म्हणायचं! आईने सांगितलं ना! पौष्टिक नाही म्हणायचं!"

ओरडली आणि तिचे दोन्ही हात झटकन स्वतःच्या तोंडावर गेले.

 बोटांच्या वरून तिचे डोळे आईवर खिळले होते. आता कासव येईल. आता ढग येईल, हत्ती येईल. ससा टोपलीतून गेला असेल.

शुवाईने तेवढीच जागा सोडली. रेडिओवरचा म्हातारा सोडायचा तेवढी. मग म्हणाली, "टोपलीत ससा होता तिथेच होता. तो म्हणाला, ही बाई चालते फार हळू."

—

"तेव्हा त्याने काय केलं, एक अवोकाडो खाल्ला."

मुनेसूचे हात हनुवटीपर्यंत उतरले.

"मग दुसरा खाल्ला."

डबीच्या आत काहीतरी किणकिणलं. ती बोलायच्या बेतात आली की आधी असं किणकिणायची.

"झेप्फुंदे!" मुनेसू म्हणाली. डबीच्या आधी. घाईघाईत, शर्यतीत पाय टाकावा तसं.

शुवाईने पुढचं वाक्य टाकलं. झेप्फुंदे! त्याच्या पुढचं. झेप्फुंदे! आता माइदेईही म्हणू लागली, मग फनुएल, आणि डबी दर वेळी मागे राहिली, कुणाच्या तरी शेपटीवर आपला नीटनेटका झेप्फुंदे ठेवत. शुवाईचं सशाकडे लक्ष होतं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं. वन्संचा हात, वन्सं गोष्टीत गुंगलेल्या असताना, पिशवीत गेला. निळा फ्रॉक बाहेर आला. माइदेईने तो मांडीवर ठेवला, त्याची सुरकुती काढली आणि मुनेसूच्या बाजूला सरकवला. शब्द चुकला नाही तिचा.

आणि मग शुवाईची गोष्ट संपली. म्हणजे शेवट आला नव्हता, पण तिच्याकडे पुढे काही नव्हतं. ससा टोपलीच्या तळाशी, सगळे अवोकाडो पोटात, फुगलेला, अडकलेला. बाजार आलेला. बाई टोपली खाली ठेवतेय.

ती थांबली. ही थांबलेली जागा वेगळी होती, हे सगळ्यांना कळलं. डबीलाही.

डबी: मी शेवट सांगू का? ससा आपली चूक कबूल करतो आणि सर्वांना समजतं की—

"झेप्फुंदे!" मुनेसू म्हणाली.

डबी: अरे वा! तुला काही सुचवायचं आहे का?

"झेप्फुंदे!"

डबी: ठीक आहे! एका ढगावर—

"झेप्फुंदे! झेप्फुंदे!" मुनेसू हसून हसून चटईवर आडवी झाली. डबी दर वेळी अदबीने थांबत होती, दर वेळी नवी गोष्ट हातात घेत होती, आणि मुलगी ती हातातून पाडत होती. माइदेईने डोळे पुसले. "बिचारी," ती म्हणाली. "हिलापण घेऊन जायला हवं चुलीपाशी. निदान उत्तर द्यायला शिकली, की पुढे शिकेल."

"हिलापण?" फनुएलने विचारलं, जरा जपूनच. "म्हणजे अजून कुणाला, ताई?"

"कुणाला नाही. ऑगस्टमध्ये तुम्हीच या सगळे. ससा घेऊन." माइदेईने पिशवीचं तोंड बांधलं. "पण आज तो टोपलीत आहे आणि मला झोप येणार नाही. सोडव त्याला, मुनेसूची आई."

शुवाईला काहीही सुचत नव्हतं. मुनेसू उठून बसली, केस विस्कटलेले, आणि आईच्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून वाट बघू लागली. ओठ उघडे होते.

"मग," शुवाई म्हणाली, "बाईने टोपलीत हात घातला."

"झेप्फुंदे."

"हाताला लागले दोन लांब कान."

"झेप्फुंदे."

पुढे काय येणार होतं ते शुवाईलाही ठाऊक नव्हतं. ऐकायला तीही पुढे झुकली.